थाळीतलं करडू

पूर्वी बोलायचं तर चढावं लागे.
गावामागच्या कड्यावर एक खडक;
त्याच्या डाव्या खांद्याला टेकून हात वर धरला
की फोनवर एक कांडी उगवायची.
त्या खडकाला सगळे ऑफिस म्हणत.
ऑफिसात गुपित असं काही नव्हतं.
न्ताते मोखेलेच्या अंगोरा लोकरीचा भाव,
खाणीतून मापालेसाच्या नवऱ्याने हासडलेली शिवी,
सगळं आधी वाऱ्याला कळे, मग रांगेला.
(खाणीच्या त्या शहराचं नाव वेल्कम.
तिथे कुणी कुणाचं स्वागत करत नाही.)

मग मार्चमध्ये दोन खेचरांवरून थाळी आली.
बसवणारा पोरगा मासेरूचा, बूट कोरे करकरीत.
म्हणाला, सिस्टर, समोर झाड नको, डोंगर नको.
मी हसले.
झाड तर नाहीच. डोंगर कुठे नेऊन ठेवू?
अख्खा लेसोथोच उभा आहे बाबा, आडवा कुठे?
शेवटी दवाखान्यामागच्या दगडी कुंपणावर
बसली ती, अंड्यावर कोंबडी बसावी तशी.

अर्धे पैसे लोकर-संघ भरतो,
अर्धे माझ्या बिस्किटाच्या डब्यातून.
पासवर्ड म्हणजे
मी सोडवलेल्या पहिल्या बाळंतिणीचं नाव.
तिला हे माहीत नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे.

रात्री गुराखी पोरं मान वर करून बसतात.
सेखोबे म्हणतो, बघा, चालले ओळीने,
एकामागे एक,
आणि कुत्रासुद्धा लागत नाही त्यांना हाकायला.
उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे लोक.
आमच्याकडे उंट नाही.
शेळ्या आहेत, आणि हल्ली
उंटापेक्षा पुष्कळ उंचावर कुणीतरी.

सप्टेंबरात, लोकर कापून झाल्यावर, बर्फ आला.
नेमका तेव्हाच.
उघड्याबोडक्या शेळ्या भिंतीला चिकटून,
त्यातली एक व्यायली.
मी आत डॉक्टरांशी बोलत होते.
खाटेवर आठव्या महिन्यातली पुलेंग,
पायांवर सूज, डोळ्यांपुढे काजवे.
डॉक्टर म्हणाले, "तिला आता लगेच—"
आणि तोंड उघडं ठेवून थिजले.

लगेच काय?
लगेच काय, डॉक्टर?

कंदील घेऊन बाहेर धावले. बर्फ गुडघाभर.
सगळं पांढरं, त्यात थाळी तेवढी ओली,
वाफाळणारी. आपला बर्फ आपणच वितळवते ती,
एवढं मासेरूच्या पोराने सांगितलं होतं.
सेखोबेलाही सांगितलं होतं, बहुतेक.
कारण थाळीच्या मधोमध,
त्याच्या फाटक्या घोंगडीत गुंडाळलेलं,
तासाभराचं करडू.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.
पोरगं कुंपणाआड उकिडवं बसलेलं,
ओठ निळे, अंगावर नुसता सदरा.

दोघांना आत आणलं.
पोराला शेगडीपाशी, करडू माझ्या कुशीत.
डॉक्टरांचा चेहरा पुन्हा हलायला लागला.
गोळी कोणती, किती, दाब दर तासाला,
डाव्या कुशीवर झोपवा.
तेवढ्यात करडू ओरडलं.
डॉक्टर दचकले. "बाळ झालं?"
"झालं," मी म्हटलं, "पण आपलं नव्हे."
पुलेंग सुजल्या तोंडाने इतकी हसली
की दाब पुन्हा मोजावा लागला.

रात्रभर दर तासाला डॉक्टर, दर तासाला पट्टा.
पहाटे चारला दाब उतरला, डॉक्टर झोपायला गेले.
शेगडीतलं रॉकेल संपत आलं होतं.
उरलेली ऊब पुलेंगची.
सेखोबेने माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे पाहिलं.
मग आम्ही करडू परत नेऊन ठेवलं.

सकाळी मापालेसा आली, कमरेवर हात.
पाचला तिच्या नवऱ्याचा फोन असतो,
पाळी संपली की.
तिने कुंपणाकडे पाहिलं, बराच वेळ.
"एक दिवस शिव्या नाही खाल्ल्या तर
उपाशी नाही मरणार मी," म्हणाली,
आणि स्वतःची शाल काढून घोंगडीवर टाकली.

ऊन आलं. शेळीने हाक दिली.
करडू जरा सरकलं असावं,
कारण माझ्या खिशात फोन थरथरला.
कंपनीचा निरोप, आपोआप येणारा:
आपल्या थाळीसमोर अडथळा आढळला आहे.
कृपया अडथळा दूर करावा.

मी अडथळ्याकडे पाहिलं.
चार पायांवर पहिल्यांदाच उभा राहून
तो भिंतीची उंची मोजत होता.